धरणावरची जुनी लाकडी होडी कमी खर्चात कशी दुरुस्त करावी

गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा, करंजवण, चणकापूर, गिरणा. नाशिक जिल्ह्यात धरणं भरपूर आणि जवळजवळ प्रत्येकाच्या काठावर एखादी तरी जुनी होडी पालथी पडलेली दिसते. मालकाला विचारलं तर म्हणतो, "गळते हो, आता नवीच घ्यावी लागेल." यातल्या बऱ्याच होड्या थोड्या पैशांत आणि नेटाने केलेल्या मेहनतीने पुन्हा पाण्यावर जाऊ शकतात. फक्त पैसा योग्य जागी पडायला हवा. लोक पहिला खर्च रंगावर करतात, होडी दोन महिने छान दिसते आणि पावसाळ्यानंतर पुन्हा गळायला लागते.

होडीबद्दल कुणाला विचारलं की सल्ले बहुतेक कोकणातले मिळतात. ते तिकडच्यासाठी बरोबर आहेत. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, म्हणून तिथे तळाला विषारी रंग लावतात, आणि खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर गंजतं, म्हणून तांब्या-पितळेच्या खिळ्यांवर खर्च करतात. धरणाच्या गोड्या पाण्यात तो किडा जगत नाही आणि गंजही हळू चढतो, त्यामुळे हे दोन्ही खर्च आपल्याला वाचतात. पण मीठ बुरशीला आवर घालतं आणि गोडं पाणी तिला मानवतं. म्हणून आपली होडी कुजते ती बहुधा आतून, बुडात साचून राहिलेल्या पावसाच्या पाण्याने. पुढची सगळी कामं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही फरक आहे. इगतपुरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दारणा, मुकणे, वैतरणेवरच्या होडीत आधी कूज शोधा. नांदगाव-मालेगावकडे पाऊस कितीतरी कमी आणि उन्हाळा कडक. गिरणेवरची होडी कुजण्यापेक्षा वाळून फाटते, तिच्या फळ्या आणि सांधे आधी बघा.

हात घालण्यापूर्वी

होडी विकत घेऊन दुरुस्त करणार असाल तर आधी मासेमारीच्या हक्काचं बघा. धरणातली मासेमारी ठेक्याने असते आणि बहुतेक ठिकाणी ती मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. संस्थेचं सभासदत्व किंवा परवानगी नसेल तर होडी कितीही चांगली झाली तरी जाळं टाकता येणार नाही. नांदूर मध्यमेश्वर तर पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून ते जाहीर झालं. तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय होडीच काय, पाऊलही टाकू नका.

कामाला चांगला काळ म्हणजे होळीपासून वैशाखापर्यंत. पाणी खाली गेलेलं असतं, हवा कोरडी असते आणि पावसाला वेळ असतो. जूनच्या तोंडावर सुरू केलेलं काम ओल्या लाकडावर उरकावं लागतं.

होडी घेण्याजोगी आहे का?

एक पेचकस आणि एक छोटी हातोडी पुरते. हातोडीने प्रत्येक फळी ठोकत जा. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे पेचकसाचं टोक दाबा. सहज आत गेलं तर ती जागा खडूने घेरून ठेवा. सगळ्यात जास्त कूज तीन ठिकाणी सापडते: नाळेच्या म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या आतल्या कोपऱ्यात, फासळ्यांच्या (फळ्यांना आतून धरणाऱ्या आडव्या वाकड्या लाकडांच्या) टोकांखाली आणि बसायच्या फळीच्या दोन्ही कडांना. या सगळ्या पाणी अडून राहायच्या जागा आहेत. वरून रंग तकतकीत असला तरी फसू नका. रंगाखाली लाकडाचा भुगा झालेला असू शकतो.

बुडाची मधली मुख्य फळी लांबीभर मऊ लागली किंवा निम्म्या फासळ्या गेलेल्या असल्या तर ती होडी सोडून द्या. जीव तुटतो, पण तेवढ्या लाकडात आणि मजुरीत नवी बांधून होते. एक-दोन फळ्या आणि तीन-चार फासळ्या खराब असणं मात्र अगदी साधी गोष्ट आहे.

एक रुपयाही खर्च करण्याआधी होडी भिजवा

उन्हाळाभर पडून राहिलेल्या होडीच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. अशी होडी पाण्यात ढकलली तर चाळणीसारखी गळते आणि मालक घाबरतो. म्हणून आधी होडी सरळ करून दोन-तीन ओंडक्यांवर नीट टेकवा, आत गोणपाट पसरा आणि दोन-तीन दिवस ते ओलं ठेवा. लाकूड फुगतं आणि निम्म्याहून जास्त गळती आपोआप बंद होते.

आता गोणपाट काढून आत चार बोटं पाणी भरा. त्याहून जास्त नको, कारण जमिनीवर टेकलेल्या होडीला आतल्या पाण्याचं वजन सोसत नाही. मग खाली वाकून बाहेरून बघा. आधी सांध्यावर एक गडद रेघ उमटते, रेघेच्या खालच्या टोकाला थेंब जमतो, फुगतो, टपकतो. जिथे थेंब धरतो तिथे खडूने फुली मारा. तासाभराने पुन्हा बघा, सकाळी पुन्हा बघा. काही फुल्या वाळलेल्या दिसतील. ज्या दुसऱ्या दिवशीही ओल्या आहेत तेवढ्याच तुमच्या खऱ्या गळत्या. आपण पैसे त्यांच्यावर घालणार आहोत.

खरवडणं आणि कुजलेलं काढणं

पाणी काढून होडी पालथी करा, शक्यतो झाडाच्या किंवा ताडपत्रीच्या सावलीत. बुडाला जुन्या डांबराचा थर असेल तर तो पहाटे खरवडा. गारव्यात डांबर ठिसूळ असतं आणि पापुद्र्याने सुटतं, दुपारी तेच लिबलिबीत होऊन पात्याला चिकटतं. जाळून काढू नका, फट बुजवायला सांध्यात भरलेलं सूतही जळतं. खरवडलेला कचरा गोणीत भरून काठापासून लांब न्या. गंगापूर धरणाचं पाणी नाशिककर पितात.

कुजलेली फळी कापताना हात आखडता घेऊ नका. मऊ भाग संपल्यावर पुढे किमान एक वीत चांगलं लाकूड येईपर्यंत कापा, नाहीतर कूज नव्या तुकड्यात शिरते. नवा तुकडा आणि जुनी फळी जिथे भेटतात तिथे आतून एक जोडफळी लावा, दोन फासळ्यांच्या मध्ये. सांधा थेट फासळीवर घेतला तर दोन्ही टोकांचे खिळे एकाच अरुंद लाकडात येतात आणि ते चिरतं.

लाकूड नवं घेऊ नका. नाशिकमध्ये जुने वाडे उतरवताना निघालेलं सागवान वखारींमध्ये मिळतं. ते वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, वाकत-पिळत नाही आणि नव्या सागवानापेक्षा स्वस्त पडतं. घेताना लोहचुंबक फिरवून आत मोडलेले खिळे नाहीत ना ते बघा, नाहीतर सुताराचा रंधा आणि तुमचा स्नेह दोन्ही जातील. फासळीसाठी बाभळीचं नैसर्गिक वाकण असलेलं लाकूड उत्तम. सरळ लाकडातून वाकडा कापलेल्या तुकड्यापेक्षा ते कितीतरी मजबूत असतं, कारण रेषा वाकणाबरोबर जातात. जुनी फासळी टोकाला गेली असेल तर ती पूर्ण उपटू नका. कुजलेला भाग तासून टाका आणि शेजारी नवी फासळी जोडीला बसवा. काम अर्ध्या वेळात होतं आणि होडीचा आकार बिघडत नाही.

खिळे किंवा स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले घ्या. गोड्या पाण्यात ते पुरतात. साधा लोखंडी खिळा नको. तो गंजतोच, शिवाय त्याच्याभोवतीचं लाकूड काळं पडून मऊ होतं. प्रत्येक खिळ्याआधी ड्रिलने बारीक भोक पाडा. जुनं सागवान ठोकताना सरळ फाटतं.

सांधे भरणं

इथे घाई केली की सगळं काम फुकट जातं. मोडक्या हॅक्सॉचं पातं वाकवून आकडा करा आणि फुली मारलेल्या सांध्यांतलं जुनं सूत, डांबर, माती सगळं ओढून काढा. आत लाकडाच्या दोन्ही कडा स्वच्छ दिसल्या पाहिजेत.

आता लाकडाचा ओलावा बघा. अगदी कोरड्या होडीत सूत गच्च ठोकलं तर पाण्यात गेल्यावर फळ्या फुगायला जागा उरत नाही, मग खिळे उपटतात किंवा फासळी तडकते. म्हणून भिजवलेली होडी सावलीत चार-पाच दिवस सुकू द्या. वरून कोरडी, आतून किंचित दमट असताना सांधे भरा.

सुती धाग्याची सैल वळी करून ती बोथट पटाशीने सांध्यात बसवत जा. हलक्या हाताने, एकसारखं. सूत सांध्याच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत बसलं की पुरे. उरलेल्या जागेत राळ आणि जवसाच्या तेलाचा लुकण भरा. राळ पूजासाहित्याच्या आणि काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. ती कुटून जवसाच्या तेलात अगदी मंद आचेवर विरघळवा, उघड्यावर, वाळूची बादली शेजारी ठेवून. थोडा लुकण थंड करून बोटांत दाबून बघा. तुकडा पडला तर तेल वाढवा, बोटाला चिकटून तार निघाली तर राळ वाढवा. आणखी एक काळजी घ्या: जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर उन्हाळ्यात आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

खिळ्यांची जुनी भोकं बुजवायला एम-सील चालतं. सांध्यात मात्र ते भरू नका. लाकूड हलतं, एम-सील हलत नाही आणि कडेने पुन्हा फट पडते. सिलिकॉनही नको. ते निघाल्यावर त्या जागी दुसरं काही चिकटत नाही.

फायबर चढवावं का?

हा प्रश्न सगळे विचारतात. लाकडी होडीवर बाहेरून फायबरचा थर चढवायचा तर लाकूड पूर्ण कोरडं हवं, आणि आपण तर सांधे भरताना ते मुद्दाम दमट ठेवलं. दोन्ही वाटांची सरमिसळ करू नका. शिवाय स्वस्तातलं पॉलिस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही. चांगलं धरणारं इपॉक्सी त्याच्या कितीतरी पट महाग. थर एका जागी सुटला की आत पाणी शिरतं, बाहेर पडत नाही आणि लाकूड आतल्या आत कुजतं. कमी खर्चात करायचं असेल तर सुताचा मार्गच धरा.

होडी मुळातच फायबरची असेल तर गोष्ट वेगळी. तिला पॉलिस्टर रेझिन छान धरतं. तडा गेलेल्या जागेच्या चारही बाजूंनी ग्राइंडरने उतार काढा, थराच्या जाडीच्या साधारण १२ पट रुंद. ४५० ग्रॅमची (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या वजनाची) काचतंतूंची मॅट घ्या. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे एक चौरस मीटरच्या एका थराला साधारण एक किलो. हार्डनर उन्हाळ्यात १ टक्का, थंडीत २ टक्क्यांपर्यंत. भर उन्हात काम करू नका, रेझिन डब्यातच आवळतं. रेझिनमध्ये कोबाल्ट (ते लवकर घट्ट व्हायला मदत करणारं रसायन) आधीच घातलेलं आहे का ते दुकानात विचारून घ्या. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फायबरची कामं करणारे लोक आहेत, किरकोळ माल आणि मॅटचे उरलेले तुकडे तिथे विचारून बघा.

तेल, रंग आणि पाण्याला वाट

बाहेरून बुडाला बिटुमिनचा काळा रंग, दोन हात. पाण्याच्या वरच्या भागाला प्रायमर आणि ऑइल पेंट. आतून मात्र रंग लावू नका. जवसाचं तेल कोमट करून पाजा, लाकूड पिईल तेवढं. आतल्या रंगाखाली ओल कोंडते आणि आपली कूज तिथूनच सुरू होते.

मग एक फुकटचं काम, जे होडीचं आयुष्य सगळ्यात जास्त वाढवतं. प्रत्येक फासळीच्या खाली, बुडाला लागून, बोटभर खाच पाडा, म्हणजे आत पडलेलं पाणी मधल्या मध्ये न अडता एका टोकाला वाहत जाईल. त्या टोकाला बूच बसवा. होडी काठावर ओढली की बूच काढायचं. पावसाळ्यात होडी पालथी, जमिनीपासून वीतभर वर, दोन ओंडक्यांवर ठेवा. ताडपत्री टाकलीत तर दोन्ही टोकं उघडी राहू द्या, वारा खेळला पाहिजे. गच्च गुंडाळलेली होडी उघड्यावरच्या होडीपेक्षा लवकर कुजते.

पाण्यात उतरवताना

पहिल्या दिवशी होडी दोरीने बांधून गुडघाभर पाण्यात रिकामी सोडा. थोडं पाणी येईल, येऊ द्या. रात्रभर ठेवून सकाळी आतलं पाणी उपसा, पुन्हा दिवसभर बघा. दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा कमी आलं तर फळ्या फुगतायत. तेवढंच किंवा जास्त आलं तर एखादा सांधा राहिला आहे, होडी काढा आणि पुन्हा चार बोटं पाणी भरून शोधा. मग दोन-तीन माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या ठेवून तपासा आणि त्यानंतरच स्वतः बसा.

बसायच्या फळ्यांखाली झाकण घट्ट असलेले २० लिटरचे रिकामे कॅन बांधून टाका. पाण्याखाली गेल्यावर प्रत्येक कॅन साधारण २० किलो उचलून धरतो. फायबरच्या होडीत तर हे लागतंच, कारण पाणी भरलं की ती लाकडासारखी तरंगत नाही. जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट, पाणी उपसायला एक डबा आणि एक जादा वल्हं कायम होडीत असू द्या.

पंधरवड्याने होडी एकदा बाहेर काढून खिळ्यांच्या रांगा बघा. फळ्या फुगून बसल्यावर काही खिळ्यांची डोकी वर आलेली असतात, ती ठोकून घ्या आणि तिथला रंग पुन्हा लावा.