कौलांची आच माळ्यावरच अडवा

शिवाजी पेठेतलं आमचं घर कौलारू. माळ्याखालच्या खोलीत सासूबाई झोपतात आणि मेमध्ये रात्री जेवणं झाल्यावरही त्या माळ्याच्या फळ्या हाताला गरम लागायच्या. फळ्यांवर जुना थर्माकोल होता, उंदरांनी त्याचा भुसा केलेला. यंदा तो काढून काम नव्यानं करून घेतलं. जुन्या कोल्हापुरात अशी घरं अजून आहेत, म्हणून क्रम सांगते.

आधी पाणी बघा. वळीव यायच्या आत कौलं परतून घ्या, फुटकी बदला, कुजलेल्या रिपा काढा. गगनबावड्याकडून वाऱ्यासोबत येणारा पाऊस पश्चिमेच्या पाखीवर आडवा मारतो, ती बाजू जास्त बारकाईनं तपासा. भिजलेलं इन्सुलेशन उष्णता अडवत नाही, वर लाकूड कुजवतं. त्याच वेळी माळ्यावरच्या जुन्या वायरी वायरमनकडून बदलून पाइपात घालून घ्या.

आता मुख्य काम, कौलांखाली ॲल्युमिनियमचं फॉइल लावायचं. यात घाई करू नका. तापलेल्या कौलांची उष्णता खाली येते ती मुख्यतः किरणांनी. गरम हवा तर वरच राहते. उन्हानं तापलेल्या भिंतीजवळून जाताना हात न लावताही झळ लागते, तसंच हे. ॲल्युमिनियमचा चकचकीत पृष्ठभाग अशी उष्णता फार थोडी बाहेर टाकतो. अट एकच, त्याच्यासमोर मोकळी हवा हवी. फॉइल कौलाला चिकटवलं आणि खालून प्लायवूड दाबून मारलं, तर फॉइलचा उपयोग जवळपास संपला. कारागिराला हे आधीच बजावून सांगा.

फॉइल शीट वाशांच्या खालच्या अंगाला मारायची. वाशाच्या जाडीएवढी फट वर आपोआप राहते. चकचकीत बाजू खाली ठेवा. वर ठेवली तर धूळ बसते आणि गुण जातो. काम आढ्याकडून वळचणीकडे न्यायचं. वरच्या पट्ट्याची खालची कड वासा आणि पुढचा पट्टा यांच्या मध्ये अडकली पाहिजे, म्हणजे एखादं कौल गळलंच तर पाणी फॉइलवरून घसरत वळचणीला जातं. शेवटचा पट्टा भिंतीच्या बाहेरपर्यंत काढा. आढ्यापाशी चार बोटं जागा उघडी सोडा आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत झडपा बसवा, आतून बारीक जाळी लावून. कोंडलेली गरम हवा तिथून निघून जाते, उंदीरही आत येत नाहीत. फॉइलमधून वीज वाहते, त्यामुळे वायरीजवळ स्टेपल मारू देऊ नका.

मग माळ्याच्या फळ्यांवर रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या गाद्या. ५० मिलिमीटरचे दोन थर घ्या आणि खालच्या थराचे सांधे वरच्या थरानं झाका. एवढ्या १०० मिलिमीटरची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवायची ताकद, मेट्रिक मापात साधारण अडीच ते तीन भरते; आकडा जितका मोठा तितकं चांगलं. थर्माकोलही उष्णता जवळपास तितकीच अडवतो, पण तो पेटतो आणि काळा धूर सोडतो. लाकडी माळ्यावर मी तो ठेवणार नाही. रॉकवूल दाबून कोंबायचं नाही, कारण अडवते ती त्यात अडकलेली हवाच. त्यावर ट्रंका, पातेली ठेवायची असतील तर एका बाजूला फळ्यांचा उंच ओटा करून घ्या. खालच्या दिव्याचं भोक माळ्यात उघडत असेल तर तो दिवा रॉकवूलखाली झाकू नका. माळ्यावर चढायच्या झाकणालाही वरून एक तुकडा चिकटवा, हे हमखास राहून जातं.

काम करताना पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क, चष्मा. तंतू कातडीला खाजवतात, घशात गेले तर खोकला थांबत नाही. पोरांना त्या दिवशी वर फिरकू देऊ नका.

काचेची कौलं असतील तर त्यांच्यावर चुन्याचा हात मारा किंवा साधी कौलं घाला, नाहीतर ऊन थेट आत येतं.

पहिल्या मोठ्या पावसानंतर बॅटरी घेऊन वर जा. रॉकवूलवर हात फिरवा. एखादा तुकडा ओला लागला तर आधी वरचं कौल शोधा, आणि तो तुकडा उचलून नवा घाला.