तव्याचा चटका आणि मधाची पट्टी

सोलापुरात कडक भाकरी करणाऱ्या बायकांच्या मनगटावर तव्याच्या कडेचा डाग हमखास दिसतो. मी सर्जरी वॉर्डातली निवृत्त सिस्टर. गल्लीतल्या बायका चटका बसला की माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना मधाची पट्टी शिकवते.

पण आधी पाणी. बांगड्या-अंगठी लगेच उतरवा, सूज चढली की त्या निघत नाहीत. मग नळाच्या बारीक धारेखाली हात धरा, चांगली २० मिनिटं. दोन मिनिटांत गार वाटलं तरी आतली धग गेलेली नसते. बर्फ, टूथपेस्ट, शाई काही नको. फोड आला तर फोडू नका.

मध थेट कातडीवर ओतला तर ओघळून जातो. तो निर्जंतुक गॉजवर पसरायचा, मुरू द्यायचा आणि मग ते गॉज ठेवायचं. वर कोरडं गॉज, सैल बँडेज. पहिली काही मिनिटं चुणचुणतं, कारण मध आम्लधर्मी असतो. घाबरून काढू नका. पट्टी रोज बदला. चिकटली तर ओढायची नाही, उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवून सोडवायची.

मधात पाणी जेमतेम १७ ते २० टक्के, म्हणून तो जखमेतला पाणचट स्राव ओढून घेतो. मधमाशीच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू तयार होतं, जंतू मरतात, लाली आणि सूज उतरते. मध गरम केला की हे विकर जातं. आमच्या सोलापूरच्या सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत छापला. मध लावलेल्यांपैकी ८७ टक्के जखमा १५ दिवसांत भरल्या होत्या. सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजल्यावरचं मलम लावलेल्या गटात १० टक्के. मला या कामाचा फार अभिमान वाटतो.

मध मात्र मेडिकलमधला, जखमेसाठी निर्जंतुक केलेलाच घ्या. चमचा बुडवून वापरलेली स्वयंपाकघरातली बाटली नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध चाटवायचाही नाही, लावायचाही नाही.

चटका तळहाताहून मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, कातडी पांढरी पडली असेल किंवा मधुमेह असेल, तर पट्टीच्या भानगडीत न पडता दवाखाना गाठा. लाली पसरली, पू झाला, ताप आला तरी त्याच दिवशी. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.