फोटोत लाल शालू फुटतो, पदराच्या चुण्याच दिसत नाहीत? लाइटरूम क्लासिक या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमधला उपाय

जळगावकडे मे महिन्यातलं लग्न, भर दुपारचं ऊन. चेहरे ठीक, पण नवरीचा शालू म्हणजे एक सपाट लाल डाग. जरीचे बुट्टे गायब. हिस्टोग्राममध्ये (रंग-उजेडाच्या आलेखात) फक्त लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटलेली, म्हणजे लाल रंग मर्यादेला टेकलेला.

हायलाइट्स -१०० केलं, काही नाही. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) उतरवलं तर चेहरे मेल्यासारखे. दोन रात्री गेल्या.

जमलं ते या क्रमाने, आणि फक्त रॉ फाइलवर (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल). आधी प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ते ठरवणारी सेटिंग) 'अडोबी कलर'वरून 'अडोबी न्यूट्रल'. निम्मं काम इथेच होतं. मग टेम्परेचर ६२०० वरून ५४००, कारण फोटो उबदार केला की लाल चॅनल आणखी फुगतो. एक्स्पोजर -०.५०. त्यानंतरच कलर मिक्सर: लाल सॅच्युरेशन -१५, ल्युमिनन्स (उजळपणा) -२०. नारिंगीला हात लावू नका, त्वचा तिथे असते. चेहरे काळवंडले तर मास्क घालून फक्त तेच +०.४० उजळा.

शेवटी 'एस' दाबून सॉफ्ट प्रूफिंगमध्ये (एक्स्पोर्टनंतर फोटो कसा दिसेल त्याची झलक) एसआरजीबी ही वेबवरची नेहमीची रंगव्यवस्था निवडा. स्क्रीनवर दिसणाऱ्या चुण्या एक्स्पोर्टमध्ये पुन्हा बुजतात त्या इथेच पकडता येतात. तसं दिसलं तर लाल सॅच्युरेशन आणखी ५ खाली.

जेपेगमध्ये लाल २५५ ला, म्हणजे कमाल आकड्याला, टेकला असेल तर मात्र चुण्या परत येत नाहीत.