जिनिंगचा काटा, टॅली आणि ई-इनव्हॉइस: इंटिग्रेशन स्वतः लिहिताना या चुका टाळा

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट या कापसाच्या पट्ट्यात तीन-चार जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे जिनिंगवाल्यांकडून (कापसातली सरकी काढून गाठी बांधणारे) येणारी मागणी बहुधा ठरलेली असते. काट्यावरचं वजन थेट कॉम्प्युटरात यावं, तिथून खरेदी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जावी, शेतकऱ्याला मेसेज मिळावा आणि गाठी विकल्या की ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदलेलं जीएसटी बिल) निघावं. जोडण्या झाल्या चार. चारही स्वतः लिहायला घेणं ही पहिली चूक. चारही विकत घेणं ही दुसरी, कारण काट्याजवळ उभं राहून बिघाड शोधणारा माणूस नागपूरहून यायचा तर तोवर ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर गेलेली असते.

ठरवायला एक कसोटी पुरते. जिचे नियम सरकार किंवा टेलिकॉमवाले बदलतात ती जोडणी भाड्याने घ्या; जिचे नियम ग्राहकाच्या आवारातच ठरतात ती स्वतः लिहा. म्हणजे काटा आणि टॅली आपली, ई-इनव्हॉइस आणि मेसेज दुसऱ्याचे.

काटा: कोड थोडा, वायरची कटकट जास्त

वजनकाट्याचा इंडिकेटर, म्हणजे आकडा दाखवणारा डबा, बहुतेक ठिकाणी आरएस-२३२ या सिरियल पोर्टमधून आकडे सतत ओकत असतो. स्क्रीनवर कचरा अक्षरं दिसली तर कोडला हात लावू नका, आधी बॉड रेट, म्हणजे डेटा येण्याचा वेग, पाहा: १२००, २४००, ४८०० आणि ९६०० हे चार क्रमाने लावून बघा. वेग बरोबर असूनही मधलीच अक्षरं बिघडत असतील तर डेटा बिट ७ की ८ आणि पॅरिटी (चूक ओळखायचा जास्तीचा बिट) तपासा. काही इंडिकेटर अंक उलट क्रमाने पाठवतात; १२३४० किलोची गाडी ०४३२१ दिसते आणि नवखा माणूस दिवसभर बॉड रेट बदलत बसतो.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक वेगळीच. प्रोग्राम पोर्ट वाचतो तेव्हा पूर्ण ओळ एकदम येईलच असं नसतं. आधी १२३ येतं, मग ४०. पहिल्या तुकड्यालाच वजन मानलं तर बारा टनांची ट्रॉली १२३ किलोची होते. टेबलावर चाचणी घेताना हे सहसा दिसत नाही, भर हंगामात दिसतं. म्हणून येणारी अक्षरं साठवत जा, ओळीचं शेवटचं चिन्ह आल्यावरच आकडा काढा, आणि सलग पाच-सहा वाचनं सारखी आल्याशिवाय 'वजन घ्या' हे बटण चालू करू नका. ट्रॉली काट्यावर चढल्यावर काही सेकंद डुलत असते.

केबिन काट्यापासून लांब असेल तर आरएस-२३२ ची केबल सुमारे १५ मीटरच्या पुढे नेऊ नका. त्यापुढे दोन्ही टोकांना आरएस-४८५ कन्व्हर्टर लावा. यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत गेला की कॉम पोर्टचा नंबर बदलतो, म्हणून तो नंबर कोडमध्ये कोरून ठेवू नका, सेटिंगमध्ये द्या. आणि इंडिकेटरच्या सीलला, कॅलिब्रेशनला अजिबात हात नाही. तो वैधमापन खात्याचा विषय आहे. आपण फक्त वाचायचं.

एक गोष्ट सॉफ्टवेअरने सुटत नाही. भरलेल्या वजनाला ड्रायव्हर ट्रॅक्टरवर बसलेला आणि रिकाम्याला खाली उतरलेला असेल तर ६०-७० किलोंचा फरक पडतो. क्विंटलला ७००० रुपये भाव धरला तर साडेचार हजारांच्या आसपास. काटापट्टीवर दोन्ही वजनांच्या वेळा छापा आणि दोन्ही वेळचा कॅमेऱ्यातला फोटो पट्टीच्या क्रमांकाला जोडा. निदान वाद मिटवायला पुरावा तरी राहील.

टॅली: 'गेलं' आणि 'नोंदलं' यात फरक आहे

टॅली सहसा ९००० या पोर्टवर एक्सएमएल घेते. टॅली चालू असणं पुरत नाही, ती कंपनीही उघडलेली लागते. मुनीमजी जेवायला जाताना कंपनी बंद करून गेले तर नोंदी अडतात. टॅलीने नोंद नाकारली तरी एचटीटीपी उत्तर २०० च (म्हणजे 'ठीक') येतं, म्हणून उत्तराच्या आत किती नोंदी तयार झाल्या आणि किती चुकल्या ते आकडे वाचा. लायसन्स नसलेल्या टॅलीवर चाचणी करत असाल तर ठरावीक तारखांनाच नोंद होते; १७ तारखेची नोंद का पडत नाही म्हणून कोडमध्ये शोधू नका.

लेजरचं (खात्याचं) नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, मधल्या जास्तीच्या जागेसकट. अडत्यांच्या नावात '&' हमखास असतं. ते एस्केप न करता, म्हणजे एक्सएमएलच्या ठरलेल्या खुणेत न बदलता, पाठवलं की अख्खी फाइल बाद होते. डेबिटची रक्कम उणे चिन्हाने जाते, हे विसरलं की खरेदी उलटी पडते. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये पाठवून पाहा.

दुबार नोंद हा खरा रोग. नोंद टॅलीत गेली, उत्तर यायच्या आधी लाइन गेली, प्रोग्रामने पुन्हा पाठवली. आता एकाच ट्रॉलीच्या दोन खरेद्या. काटापट्टीचा क्रमांक व्हाउचरच्या रेफरन्समध्ये टाका आणि परत पाठवण्याआधी 'हा क्रमांक आहे का' असं टॅलीला विचारा.

ई-इनव्हॉइस: इथे हौस नको

वार्षिक उलाढाल ५ कोटींवर गेलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागू आहे, म्हणजे बऱ्याच जिनिंगवाल्यांना. पोर्टलला थेट जोडून घेण्यापेक्षा जीएसपीमार्फत (जीएसटी सुविधा पुरवणारी मान्यताप्राप्त कंपनी) जा. लॉगिनचा टोकन सहा तासांनी संपतो, तपासण्या बदलत राहतात, त्यामागे पळायला चार जणांची टीम पुरत नाही. आपण लिहायचं ते फक्त जीएसपीकडे माहिती नेणारं पातळ आवरण.

तरी दोन चुका आपल्याच हातून होतात. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून रिव्हर्स चार्ज आहे, म्हणजे कर विकणाऱ्याऐवजी घेणारा भरतो. जिनिंगवाला स्वतःच स्वतःचं बिल करतो. त्या बिलाला आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) लागत नाही, पण प्रोग्राम सरसकट सगळी बिलं पाठवतो आणि चुकांचा ढीग पडतो. दुसरी चूक महागाची: उत्तर आलं नाही म्हणून ऑपरेटर बिल क्रमांक बदलून पुन्हा पाठवतो. एका विक्रीचे दोन आयआरएन तयार होतात, आणि रद्द करायला हाती २४ तासच असतात. उत्तर आलं नाही तर त्याच बिल क्रमांकावर आयआरएन आहे का ते आधी मागवा. आयआरएन मागितल्यावर बिल क्रमांकाची चौकट ऑपरेटरला बदलताच येऊ नये.

मेसेज

डीएलटीवर (व्यावसायिक मेसेजच्या नोंदणीची टेलिकॉम कंपन्यांची यंत्रणा) मंजूर झालेला मजकूर जसाच्या तसा जावा लागतो. एक स्पेस वाढली तरी अडतो. मराठी मेसेज ७० अक्षरांचा, त्यापुढे ६७-६७ चे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे. 'क्विंटल' या एका शब्दाची सात अक्षरं मोजली जातात, कारण हलन्त, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे धरतात. मजकूर आखूड ठेवा.

कोटेशन देताना

जोडणी लिहायला पंधरा दिवस लागतील असं सांगून तेवढ्याच दिवसांचे पैसे लावणं, इथेच बहुतेकांचा घाटा होतो. समजा पाच ग्राहक आहेत आणि प्रत्येकामागे महिन्याला दोनच दिवस देखभाल. महिन्याचे दहा दिवस गेले, म्हणजे चार जणांतला जवळपास अर्धा माणूस, तोही दिवाळीनंतर आवक जोरात असताना. वार्षिक देखभालीची रक्कम पहिल्याच कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा आणि लाइन गेल्यावर हाताने वजन टाकण्याची सोय त्यात धरा. हाताने टाकलेलं वजन काटापट्टीवर वेगळ्या खुणेने छापलं पाहिजे.

दसऱ्याच्या आधी ग्राहकाच्या आवारात जाऊन प्लग उपसा: वजन घेताना, टॅलीला नोंद जाताना, आयआरएन मागताना आणि मेसेज जाताना. दर वेळी परत चालू करून काटापट्ट्या, टॅलीतली व्हाउचरं, आयआरएन आणि गेलेले मेसेज मोजा. जो आकडा जुळणार नाही, ती जोडणी अजून ग्राहकाच्या हाती द्यायची नाही.