प्रोस्टेट तपासणीचा शेरा कसा वाचावा

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्या गुदमार्गातून बोट घालून केलेल्या तपासणीनंतर डॉक्टर कागदावर जेमतेम एक-दीड ओळ लिहितात आणि घरी आल्यावर बहुतेकांचे लक्ष त्यातल्या ‘ग्रंथी वाढली आहे’ एवढ्याच शब्दांवर खिळते. खरे तर वाचायला सुरुवात तिथून करू नये.

आधी ग्रंथीच्या घट्टपणाविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. मूठ आवळून अंगठ्याच्या बुडाशी फुगलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून पाहिल्यास निरोगी ग्रंथी बोटाला कशी लागते याचा अंदाज येतो. आता त्याच मुठीच्या बोटाचे हाड जिथे वर येते तिथे दाबावे. ‘कठीण’ किंवा ‘गाठ’ असे लिहिले असेल, तर डॉक्टरांना साधारण असा स्पर्श जाणवलेला असतो. तेथे कर्करोगाची शंका घेणे रास्तच. पण ग्रंथीतील खडे किंवा जुन्या दाहाचा व्रण यांमुळेही तसाच कडकपणा येतो, म्हणून निदान बोटावरून नव्हे, तर बायोप्सीत काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरूनच पक्के होते. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, पृष्ठभाग खडबडीत आहे, हे शेरेही याच गटातले.

‘दुखरी’ हा शब्द बहुधा दाहाकडे बोट दाखवतो. सोबत थंडी वाजून ताप येत असेल किंवा लघवी अडली असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आकाराचा क्रम यानंतर. तरुणपणी ग्रंथी सुमारे 20 ग्रॅमची असते, वयाबरोबर ती वाढते, आणि ‘वाढलेली, गुळगुळीत, मधली खाच पुसट’ असा शेरा बहुतेक वेळा या साध्या वाढीचाच असतो. आकारासाठी लिहिलेला ‘ग्रेड 2’ हा बोटाचा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. दुसरे डॉक्टर ‘ग्रेड 1’ही लिहू शकतात, नेमके माप सोनोग्राफीत कळते. शिवाय बोट ग्रंथीच्या फक्त मागच्या भागाला लागते, त्यामुळे मूत्राशयाकडे वाढलेला मधला भाग हाताला न लागताही लघवीची धार बारीक करतो.

याच मर्यादेमुळे ‘गाठ नाही’ या शेऱ्याने कर्करोग नाहीच असे ठरत नाही. पीएसए या रक्तचाचणीचा आकडा शेऱ्यासोबतच वाचावा. मात्र तो साध्या वाढीने आणि जंतुसंसर्गानेही चढतो. गाठ लिहिली असेल, तर ती कोणत्या बाजूला व केवढी आहे, हे डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहून घ्यावे.