काळ्या मातीत मेटल डिटेक्टर घेऊन उतरण्याआधी

यंत्र घेण्याआधी ते कशासाठी हवंय, हे पक्कं करा. खान्देशात या छंदाचं नाव काढलं की समोरचा आधी गुप्तधनाचं विचारतो. माझ्या मते आपल्याकडे हा छंद एकाच कामासाठी करावा, तो म्हणजे हरवलेलं शोधून देणं. निंदताना बोटातून निसटलेलं जोडवं, कापूस वेचताना तुटलेलं डोरलं, बांधावर विसरलेलं खुरपं, मोटारीजवळ पडलेला पाना, ट्रॅक्टरची किल्ली. दर हंगामात असं काही ना काही मातीत जातं आणि घरातली बाई त्यासाठी वर्षभर हळहळत राहते. ते परत मिळवून देता आलं तर याहून चांगला छंद नाही.

जुन्या वस्तूंच्या मागे लागायचं नाही, हेही त्याच वेळी ठरवून टाका. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. काय सापडलं, कुठे आणि कधी, हे त्यात लिहावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला किंवा मूर्तीला १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात परवान्याशिवाय उकरता येत नाही. लळिंग, थाळनेर किंवा सोनगीरच्या किल्ल्यावर हे यंत्र नेऊच नका.

गावोगावच्या पांढरीचंही तसंच. धाब्याच्या घरांसाठी आपले आजे-पणजे जिथून पांढरी माती आणत, ती टेकाडं म्हणजे उठून गेलेल्या वस्त्या. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथे १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा तिथे ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक मिळाले. गिरणेकाठचं बहाळही असंच जुनं. नाणं कोणत्या थरात होतं, त्याच्या शेजारी कोणतं खापर होतं, यावरून त्या थराचा काळ ठरतो. आपण खुरप्याने नाणं तेवढं उपसलं की तो पुरावा कायमचा गेला. जुन्या वस्तूंची ओढ असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयात एक दिवस घालवा.

आता यंत्राकडे. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झाली आहे आणि त्यात लोहाचे चुंबकीय कण भरपूर आहेत. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चपटी तबकडी, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत छोटे प्रवाह फिरतात आणि त्यांची उलट खूण यंत्र पकडतं. आपल्याकडे मातीच स्वतःची खूण पाठवते, धातू नसतानाही यंत्र कुरकुरतं. म्हणून खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो ग्राउंड बॅलन्सचा, म्हणजे मातीची ही खूण बाजूला काढायच्या सोयीचा. काही स्वस्त यंत्रांत तो कारखान्यातच कायमचा ठरवलेला असतो, गॅरेटचं एस २५० हे त्याचं उदाहरण. मऊ, कमी लोहाच्या मातीत ते चालून जातं, आपल्या शेतात त्रास देतं. नोक्टाच्या सिम्प्लेक्स प्लसमध्ये कॉइल जमिनीवर वर-खाली करून बॅलन्स साधता येतो. माइनलॅबची व्हँक्विश मालिका एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरते आणि बॅलन्स स्वतःच सांभाळत राहते. पहिलं यंत्र म्हणून या दोन्ही वाटा मला योग्य वाटतात.

कॉइल डबल-डी प्रकारची (आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी असलेली) घ्या, लोहाच्या मातीत ती जास्त शांत राहते. पल्स इंडक्शन यंत्रं, म्हणजे सलग लहरीऐवजी थोडक्या वेळाचे झटके सोडणारी, मातीकडे दुर्लक्ष करण्यात पटाईत, हे खरं. पण लोखंड आणि इतर धातू यांतला फरक त्यांना नीट सांगता येत नाही, आणि आपल्या शेतांत बैलांच्या पत्र्यांपासून तारेच्या तुकड्यांपर्यंत लोखंडच लोखंड. दिवसभर खिळे उकरायचे नसतील तर ती वाट नको.

खोलीबद्दल कुणी मोठा आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका. नाण्याएवढी वस्तू साधारण २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत लागते, लोहाच्या मातीत त्याहून कमी. दोन अँटेना हातात धरून शंभर मीटरवरचं सोनं दाखवणारी ‘लाँग रेंज’ यंत्रं निव्वळ फसवणूक आहेत. त्यांच्यापाठोपाठ बहुतेक वेळा पूजा मांडणारा बाबाही येतो. गुप्तधनाच्या नावाखाली होणारे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहेत. असं कुणी गावात फिरत असेल तर पोलीस पाटलांना सांगा.

यंत्र घरी आल्यावर लगेच शेतात पळू नका. घरामागे एक वाफा धरा आणि त्यात वस्तू पुरा: चांदीचं जोडवं, पितळेची नळाची चावी, खिळा, बाटलीचं झाकण, गुटख्याची पुडी, जुनं ॲल्युमिनियमचं दहा पैशाचं नाणं, हल्लीचा एक रुपया. काही ५ सेंटिमीटरवर, काही १०, काही १५. प्रत्येकावर काडी रोवा आणि वहीत लिहा. कोणत्या वस्तूला यंत्राच्या पडद्यावर कोणता आकडा येतो, आवाज एकसंध येतो की तुटक, हे इथे कानात बसतं. हल्लीचा एक रुपया स्टेनलेस स्टीलचा असतो, चुंबकाला चिकटतो. त्यामुळे लोखंड गाळायची सोय चालू असेल तर यंत्र त्याच्यावरून बोलेलच असं नाही.

याहून महत्त्वाचं सोन्याचं. सोन्याची लहान अंगठी आणि पुडीची चांदी, दोघांचे आकडे जवळजवळ येतात. कचरा नको म्हणून यंत्रात तेवढे आकडे बंद केलेत की सोनंही बंद झालं. हरवलेला दागिना शोधताना प्रत्येक पुडी उकरायची तयारी हवी. बारीक पोत तर फार अवघड, कारण यंत्राला अख्खी साखळी दिसत नाही, सुटी सुटी कडी दिसते, आणि तेवढी कडी फार लहान असते. डोरल्याच्या वाट्या लागतात, कधी फासा लागतो. काळे मणी लागतच नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा म्हणजे भलती आशा लागत नाही.

सोबत पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, घ्या, त्याशिवाय काळ्या ढेकळात जोडवं हाती लागणं मुश्कील. साधं मजबूत खुरपं, हेडफोन, हातमोजे, गमबूट, लोखंडी कचऱ्यासाठी एक पिशवी आणि भरपूर पाणी. कपाशीत आणि जमिनीच्या भेगांत फुरसं असतं, म्हणून गमबुटाशिवाय जाऊ नका आणि भेगेत हात घालू नका.

वेळ वाफशाची. पावसात ही माती कॉइलला आणि बुटांना लगडते, मे महिन्यात दगड होते आणि भेगांवरून कॉइल गेली की खोटे आवाज येतात. नांगरटीनंतरच्या ढेकळांवर कॉइल समतल फिरत नाही. मूग-उडीद निघाल्यावर, वखराची पाळी घातलेलं आणि अजून न पेरलेलं रान सगळ्यात चांगलं. केळीच्या बागेत शक्यतो नको. मुळं वरच असतात, ठिबकच्या नळ्याही, आणि एक नळी कापली तर शेतकरी पुन्हा बांधावर उभं करणार नाही.

मालकाला आधी विचारा आणि तो सोबत असला तर उत्तमच. कुणाच्या शेतात खड्डे दिसले की ‘काय सापडनं रे भो?’ अशी कुजबुज संध्याकाळपर्यंत गावभर होते, म्हणून सरपंचांच्याही कानावर घाला. डुकरांसाठी झटका मशीन लावलं असेल तर ते बंद करायला सांगा, नाहीतर हेडफोनमध्ये ठराविक अंतराने टकटक येत राहील. डीपी आणि मोठ्या लाइनखालीही गोंगाट असतो, तिथे सेन्सिटिव्हिटी उतरवा. मोबाइल खिशात नको. काळ्या रानातून मुरमाड पट्ट्यात किंवा नदीकाठी गेलात की ग्राउंड बॅलन्स नव्याने करा. उकरलेला प्रत्येक खड्डा तिथल्या तिथे बुजवून पायाने दाबा. निघालेलं लोखंड पिशवीत घालून मालकाला द्या, त्याच्या टायरचा तेवढा त्रास वाचतो.

शोध सुरू करण्याआधी दागिना हरवलेल्या बाईंशी शांतपणे बोला. त्या दिवशी कोणत्या ओळीत होत्या, डबा कुठे सोडला, हात कुठे धुतले. त्यानंतर वखर फिरला का हेही विचारा, कारण वखर वस्तू पुढे ओढून नेतो. मग सुतळीने मीटरभर रुंदीचे पट्टे आखा. कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवून सावकाश फिरवा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी यायला हवी. एक दिशा झाली की आडव्या दिशेने पुन्हा. आणि जोडवं असेल तर जोडीतलं उरलेलं मागून घ्या, त्याच मातीवर ठेवून कॉइल फिरवा, आलेला आकडा वहीत लिहून मगच पहिल्या पट्ट्यात उतरा.