इंग्रजीतील ‘वू’ हे क्रियापद नेमके कसे वापरावे

नागपुरात इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ‘वू’ (woo) हे क्रियापद प्रेमकथांपेक्षा मथळ्यांतच अधिक भेटते. हिवाळी अधिवेशनाच्या काळात पक्ष मतदारांना ‘वू’ करतात, मिहान या नागपूरच्या औद्योगिक प्रकल्पासाठी सरकार गुंतवणूकदारांना ‘वू’ करते आणि दिवाळीच्या तोंडावर सीताबर्डीचे दुकानदार गिऱ्हाइकांना. त्यामुळे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी ‘आकर्षित करणे’ एवढाच अर्थ पाठ करून मोकळे होतात. मूळ अर्थ मात्र प्रणयाराधनाचा आहे आणि तो समजल्याशिवाय या शब्दाचा वापर साधत नाही.

म्हणून पहिली पायरी मूळ अर्थाची. एखाद्या व्यक्तीचे प्रेम मिळावे, बहुधा तिच्याशी विवाह व्हावा, या हेतूने तिची काही काळ आराधना करणे म्हणजे ‘वू’. यात प्रयत्न आहे, यश गृहीत धरलेले नाही. म्हणूनच ‘मन जिंकणे’ हे भाषांतर चुकते आणि ‘मन जिंकण्याचा प्रयत्न करणे’ हे बरोबर ठरते. आपल्या विदर्भाच्या राजकन्येचेच उदाहरण घ्यावे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम या चौघांनी दमयंतीसाठी नलालाच दूत म्हणून पाठवले आणि स्वयंवरात नलाचेच रूप घेतले, तरी तिने खऱ्या नलाला ओळखून त्यालाच वरले. ‘द गॉड्स वूड दमयंती’ हे वाक्य तरीही निर्दोष आहे, कारण देवांनी आराधना केली होती. यश सांगायचे असल्यास इंग्रजी दुसरे क्रियापद जोडते : ‘ही वूड अँड वन हर’. उलट रामटेकच्या यक्षाने मेघाबरोबर निरोप धाडला तो स्वतःच्या पत्नीला, त्यामुळे तिथे विरह आहे, ‘वू’ नाही.

दुसरी पायरी जवळच्या शब्दांपासून हा शब्द वेगळा काढण्याची. ‘प्रपोज’ म्हणजे मागणी घालणे, तो एका क्षणाचा प्रसंग असतो; ‘वू’ दिवसेंदिवस चालते. ‘डेट’मध्ये दोघांची संमती आधीच असते. ‘फ्लर्ट’मध्ये गांभीर्य असेलच असे नाही. आणि स्पष्ट नकार मिळाल्यावरही कोणी फुटाळ्यापासून धरमपेठेपर्यंत मुलीचा पाठलाग करत असेल, तर त्याला ‘वू’ म्हणणे हा भाषेचाही आणि त्या मुलीचाही अपमान आहे. त्याला ‘स्टॉक’ (stalk) असा शब्द आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार तो गुन्हा आहे. समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीक असते, तोवरच हे क्रियापद लागू पडते.

व्याकरणात मराठी माणसाचा पाय घसरतो तो एकाच ठिकाणी. मराठीत आपण ‘तिला’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही मध्ये ‘टू’ घालण्याचा मोह होतो. हे क्रियापद सकर्मक आहे, कर्म थेट येते : ‘ही वूड हर’. ज्या साधनाने आराधना केली ते ‘विथ’ने जोडावे, जसे ‘ही वूड हर विथ पोएम्स’. दुसऱ्याकडचा कर्मचारी आपल्याकडे ओढायचा असेल, तर ‘वू अवे फ्रॉम’; सोडून गेलेले गिऱ्हाईक परत आणायचे असेल, तर ‘वू बॅक’, ज्याला मराठीत ‘मनधरणी करून परत आणणे’ चपखल बसते.

उच्चाराकडेही लक्ष द्यावे. वरचे दात ओठाला न लावता दोन्ही ओठांचा चंबू करून ‘वू’ म्हणावे. भूतकाळी रूपातील ऊकार दीर्घच राहतो. तो ऱ्हस्व केला, तर ऐकणाऱ्याला ‘वुड’, म्हणजे लाकूड, ऐकू येईल.

शेवटची पायरी औचित्याची. प्रेमाच्या अर्थाने हा शब्द आज जुन्या वळणाचा वाटतो, त्यामुळे रोजच्या बोलण्यात तो कमी आणि कथेत किंवा लेखात अधिक शोभतो. मतदार, गुंतवणूकदार, पर्यटक, ग्राहक यांच्यासाठी मात्र तो बातमीत सर्रास चालतो, कारण तो आटोपशीर असल्याने मथळ्यात सहज मावतो. कार्यालयीन पत्रात किंवा नोकरीच्या अर्जात ‘अट्रॅक्ट’ किंवा ‘पर्सुएड’ लिहावे. तिथे ‘वू’ लिहिल्यास वाचणाऱ्याला खुशामतीचा वास येऊ शकतो.